म्हाइंभटांची वही

लीळाचरित्र आजवर अनेकांनी अनेक कारणांसाठी वाचले. भक्तांनी ते श्रद्धेने वाचले. भाषेच्या अभ्यासकांनी तेराव्या शतकातल्या मराठीचा नमुना म्हणून वाचले. इतिहासकारांनी त्यात यादवकाळातली गावे, देवळे, कपडे आणि खाणेपिणे शोधले. मी ते विद्यार्थ्यांची वही म्हणून वाचतो, आणि तसे वाचताना ते मला सर्वांत अधिक आवडते.

ज्यांच्या आठवणी त्यात आहेत त्या महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते गावोगाव फिरले, बोलले, दृष्टांत दिले, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. ऐकणाऱ्यांत पंडित होते तसे अक्षरओळख नसलेलेही होते, आणि बायका पुष्कळ होत्या. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि मागे उरले फक्त ऐकणारे. त्यांच्या आठवणींतून साधारण १२७८ मध्ये, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, म्हाइंभटांनी जे उभे केले त्याला मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात. म्हणजे आपल्या गद्याचा आरंभ शिकवणाऱ्याच्या लेखणीने केलेला नाही, शिकणाऱ्यांच्या टिपणांनी केला आहे. हे वऱ्हाडात घडले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आज त्याच वऱ्हाडात टिपणांची काय स्थिती आहे, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. परीक्षा जवळ आली की अमरावतीत गाडगेनगरच्या बाजूला किंवा अकोल्यात कुठल्याही कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानांत पोरापोरींची दाटी होते. एका हुशार मुलीची वही वर्गभर फिरलेली असते. झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत गेलेली, कडेच्या ओळी कापल्या गेलेली, मूळ कोणाची हे कोणालाच ठाऊक नसलेली. पुढच्या बाकावर मोबाईल उपडा ठेवून तास रेकॉर्ड करणारे वेगळे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर आले. पुढे वर्ग परत खोलीत गेले, पण रेकॉर्डिंगची सवय राहिली. लिहिणाऱ्याला शेजारचा म्हणतो, "रेकॉर्डिंग हाये न बे, लिवून काय कराचं?" आणि एखादी शहाणी पोरगी मागून विचारते, "अन् ते ऐकाले टाइम कधी भेटन?"

त्या पोरीचा प्रश्न फार मोलाचा आहे. तास जपून ठेवला म्हणजे तो शिकून झाला असे होत नाही. मग ऐकलेले आपले होते कसे? याचे जे उत्तर मला म्हाइंभटांच्या वहीत सापडते, तितके नेमके उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही.

म्हाइंभट मूळचे सराळे गावचे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. शास्त्रे शिकलेला, विद्येचा ताठा असलेला माणूस. वाद घालायला म्हणून ते स्वामींकडे आले आणि शिष्य झाले. स्वामींचा सहवास त्यांना इतरांच्या मानाने थोडाच लाभला. स्वामी गेल्यावर सगळे अनुयायी रिद्धपुरात स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सेवेत जमले. तिथे स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे, स्मरण करीत. म्हाइंभटांनी हे पाहिले आणि विचारले की आपण चिंतन कशाचे करता? लीळांचे, असे उत्तर मिळाले. ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांच्यापाशी आठवणी आहेत, पण ज्यांनी पाहिले नाही, जे पुढे येणार आहेत, ते काय आठवणार? या प्रश्नातून ग्रंथाची कल्पना निघाली, असे पंथाची परंपरा सांगते.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी आठवणे आहे, लिहिणे नंतर आले आहे. नागदेवाचार्यांपाशी कागद नव्हता. गुरूचे बोलणे ते रोज स्वतःच्या मनातून पुन्हा बाहेर काढीत होते. आज मानसशास्त्रज्ञ ज्या अभ्यासपद्धतींना सर्वांत खात्रीच्या म्हणतात, त्यांतली एक हीच. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सची पाने तिसऱ्यांदा वाचणाऱ्याला जो भरवसा वाटतो, तो त्या पाच मिनिटांतला असतो.

आता म्हाइंभटांचे काम पाहा. नागदेवाचार्यांना ठाऊक होत्या त्या लीळा त्यांनी त्यांच्याकडून घेतल्या. जिथे नागदेवाचार्य हजर नव्हते, तिथे जो हजर होता त्याच्याकडे ते गेले. कोणी कुठल्या गावी असेल तिथे जाऊन विचारले, ऐकले, लिहिले आणि आणलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतले. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. त्यातला एकांक हा स्वामी एकटे हिंडत होते त्या काळाचा. तेव्हा जवळ शिष्य नव्हते, म्हणून तिथे आधार आहे तो स्वामींनी पुढे स्वतः सांगितलेल्या गोष्टींचा. हा काळ म्हाइंभटांनी वेगळा ठेवला. आम्ही पाहिलेले आणि आम्हाला सांगितले गेलेले यांची सरमिसळ त्यांनी केली नाही. वर्गाला दांडी मारून मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला तास आणि स्वतः बसून ऐकलेला तास यांत फरक असतो आणि तो वहीत दिसला पाहिजे, हे त्यांना सातशे वर्षांपूर्वी कळत होते.

एक लीळा घेऊ. सशाची. ती अनेकांनी शाळा-कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात वाचली असेल. स्वामी झाडाखाली बसले आहेत. पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली आहेत. पळून दमलेला ससा येतो आणि स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. कुत्री थांबतात. मागून पारधी येतात आणि ससा सोडा म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. त्या सशावर पैज लागलेली आहे, तो हाती आला नाही तर आपसांत सुऱ्या निघतील. स्वामी त्यांना उलट विचारतात की शरण आलेल्याला मरण असते का? बोलणे होते. पारधी वळतात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि ससा निघून जातो.

या लीळेवर परीक्षेत प्रश्न येतो आणि गाईडात उत्तर असते की या प्रसंगातून स्वामींची भूतदया आणि अहिंसेचे महत्त्व दिसून येते. उत्तर चूक नाही. मार्कही मिळतात. पण म्हाइंभटांनी जे टिपले त्यातले काहीही त्या उत्तरात उरलेले नसते. मूळ लीळेत अहिंसेवर प्रवचन नाही. स्वामी दयाळू होते असे लिहिण्याच्या फंदात लिहिणारा पडत नाही, त्यांना कुठले विशेषण लावत नाही. तो गुडघा लिहितो. ससा कुठे शिरला ते लिहितो. हे एक अंग टिपले म्हणून पुढचा सगळा संवाद आपण वेगळ्या रीतीने ऐकतो. पारधी बोलत असताना, स्वामी बोलत असताना, तो जीव तिथे गुडघ्याखाली धडधडत आहे हे आपण विसरू शकत नाही. लिहिणाऱ्याने सशाचा पुन्हा उल्लेख केला नाही तरी चालते. आणि शेवटी गुडघा उचलला जातो तेव्हा सुटका केवळ सशाची होत नाही, आपलाही अडकलेला श्वास मोकळा होतो. इतके काम एका क्रियापदाने केले आहे.

दुसरे म्हणजे पारध्यांची पैज. गुरूचा मोठेपणा सांगायचा असेल तर पारध्यांना क्रूर करून टाकणे सोपे होते. टिपणे काढणारा तसे करत नाही. त्यांची बाजू, त्यांची भीती, त्यांच्या जगातला हिशेब तो लिहून ठेवतो. त्यामुळे कळते की स्वामींनी कोणाला काय समजावले, आणि ते समजावणे किती अवघड होते. समोरच्याचा आक्षेप वहीत नसेल तर उत्तराची किंमत कळायला मार्ग राहत नाही. वर्गातही असेच असते. एखादा मुलगा मागच्या बाकावरून शंका काढतो, सर थांबतात, फळा पुसून दुसऱ्या बाजूने समजावतात आणि तिथे विषय उलगडतो. पण वहीत काय उतरते? फक्त दुसऱ्यांदा सांगितलेली व्याख्या. शंका कोणाची होती, काय होती, पहिल्यांदा सांगितलेले का कळले नव्हते, हे सगळे लिहिण्याजोगे नाही असे आपणच ठरवून टाकतो.

लीळाचरित्रात प्रश्न विचारणारी माणसे नावानिशी आहेत, आणि त्यांत महदाइसा मला सर्वांत प्रिय आहे. तिला आपण महदंबा म्हणून, धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखतो. लीळाचरित्रात ती सारखी विचारणारी शिष्या आहे. एका उत्तराने तिचे समाधान होत नाही, ती त्यातून पुढचा प्रश्न काढते. स्वामींना तिच्या या जिज्ञासेचे कौतुक होते, आणि तेही ग्रंथात नोंदलेले आहे. तेराव्या शतकातल्या एका विधवा बाईचे प्रश्न, विचारणारीच्या नावासकट, आज आपल्यापर्यंत पोचतात ते टिपण काढणाऱ्याच्या सचोटीमुळे. म्हाइंभट स्वतः शास्त्री होते. बाईचा प्रश्न गाळून नुसते उत्तर ठेवावे, असे त्यांना एकदाही वाटले नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना थोर लेखक म्हणेन.

म्हाइंभटांनंतर केसोबास आले. त्यांनी स्वामींना पाहिलेलेच नव्हते, ते नागदेवाचार्यांचे शिष्य. त्यांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेगळी काढली आणि सूत्रपाठ तयार केला. शिवाय स्वामींचे ११४ दृष्टांत घेऊन दृष्टांतपाठ रचला. या दृष्टांतपाठाची मांडणी अभ्यासाच्या वहीसाठी इतकी चोख आहे की ती विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी असे मला वाटते. प्रत्येक ठिकाणी तीन थर आहेत. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचे वचन. मग दृष्टांत, म्हणजे स्वामींनीच सांगितलेली गोष्ट. मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या वचनाला कशी लागू पडते याचे केसोबासांनी केलेले स्पष्टीकरण. गुरूचे शब्द कुठे संपतात आणि माझे कुठे सुरू होतात, याची रेघ त्यांनी कधीही पुसट होऊ दिली नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर वहीच्या पानाचे भाग पाडायची पद्धत रूढ केली. एका बाजूला तासाची टिपणे, कडेला खुणेचे शब्द आणि प्रश्न, तळाला स्वतःच्या शब्दांत सार. जगभरच्या विद्यापीठांत ती आता शिकवली जाते. आपल्या पोरांना ती शिकवताना दृष्टांतपाठाचे एक पान शेजारी ठेवावे.

सूत्रपाठाविषयी मात्र माझे मन थोडे वेगळे आहे. तो सुंदर आहे, पाठांतराला नेमका आहे, त्यातली वाक्ये तासून तासून इतकी छोटी झाली आहेत की एकदा कानावर पडली की राहतात. पण प्रसंगातून सुटलेले वाक्य पोरके होते. तेच वचन कोणाला सांगितले, कशावरून सांगितले, रागाने की लाडाने, हे कळले नाही तर अर्थ भलतीकडे जातो. पंथातल्या पुढच्या अभ्यासकांनाही हे जाणवले. म्हणून अमुक सूत्र अमुक प्रसंगी, अमक्याला उद्देशून निघाले, हे सांगणारे 'प्रकरणवश' तयार झाले. म्हणजे आधी लीळांतून सूत्रे काढली आणि मग सूत्रांना त्यांच्या लीळा परत जोडल्या. एवढी उलटी वाट चालायची वेळ यावी, यातच नुसत्या 'आयएमपी' मुद्द्यांच्या यादीची मर्यादा दिसते.

युरोपात याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट घडली आहे. फर्दिनांद द सोस्यूर यांनी १९०७ ते १९११ या काळात जिनिव्हात भाषाविज्ञानावर व्याख्यानमाला दिल्या. ते १९१३ मध्ये वारले. या व्याख्यानांचे त्यांच्या हातचे पुस्तक नव्हते. शार्ल बाली आणि आल्बेर सेशये या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून १९१६ मध्ये पुस्तक काढले, आणि आधुनिक भाषाविज्ञान त्या पुस्तकावर उभे राहिले. गंमत म्हणजे हे दोघेही त्या वर्गात बसलेले नव्हते, जसे केसोबास स्वामींपुढे बसलेले नव्हते. पुस्तक एकसंध झाले, पण वह्यांतले मतभेद त्यात मिटले. पन्नासेक वर्षांनी रुडॉल्फ एंगलर यांनी त्या वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांचे स्तंभ शेजारी शेजारी छापले, तेव्हा कुठे वाचकांना कळले की एकच वाक्य तिघांनी तीन प्रकारे ऐकले होते.

आपल्याकडे ही काळजी फार आधी घेतली गेली, आणि ती एका संकटातून घेतली गेली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धाडींत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. वही हरवली. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला गेला. हिराइसा नावाच्या शिष्येचा पाठ त्यांत मोठ्या आदराने सांगितला जातो. रामेश्वरबासांचे आणि इतरांचे पाठही आहेत. हे पाठ सगळीकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एखादा प्रसंग एकाच्या पाठात लांब, दुसऱ्याच्या त्रोटक. गाव एक, पण बोलणारा वेगळा. असे झाले की पोथ्यांत एकाच्या म्हणण्यापुढे दुसऱ्याचे म्हणणे लिहून ठेवले. त्याला 'वासना' म्हणतात. पुढे चौकशीत काही अधिक कळले तर तो 'शोध'. कोणाचे बरोबर याचा निकाल लावून बाकीचे फाडून टाकले नाही. चक्रधरांच्या दृष्टांतांतला एक प्रसिद्ध दृष्टांत जन्मांधांचा आणि हत्तीचा आहे. ज्याच्या हाताला जे लागले तोच हत्ती असे प्रत्येकजण सांगतो. तो दृष्टांत ऐकलेल्या माणसांनीच आपल्या पोथ्यांत सगळ्यांचे हात जपून ठेवले, हे मला फार हृद्य वाटते.

पुढे या पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या आणि कित्येक शतके बाहेरच्या वाचकाला दिसल्या नाहीत. विसाव्या शतकात लिपी उलगडली. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि आमच्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी छापील प्रती तयार केल्या. कोलत्यांची १९७८ ची प्रत उघडली की पाठभेदांचे हे सगळे वैभव दिसते. विद्यार्थ्यांनी गटाने अभ्यास कसा करावा, हे मला त्या पानांवरून सांगता येते. चौघांनी चार वह्या समोर ठेवाव्या आणि जिथे त्या जुळत नाहीत तिथे थांबावे. बहुतेक वेळा विषयाची खरी गाठ तिथेच असते.

आता रेकॉर्डिंगकडे येतो, कारण वहीचे कौतुक करताना आवाजावर अन्याय नको. अमरावती विद्यापीठ १९८३ साली सुरू झाले. त्याला ज्यांचे नाव आहे ते संत गाडगेबाबा कधी शाळेत शिकले नाहीत आणि त्यांनीही ग्रंथ लिहिला नाही. पण त्यांचा आवाज आपल्यापाशी आहे. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते कीर्तन एकदा कानांनी ऐकावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्यात जे ऐकू येते ते कुठल्याही वहीत मावणारे नाही. बाबा प्रश्न टाकतात आणि थांबतात. त्या थांबण्यात समोरचा जमाव विचार करतो आणि मग एका आवाजात उत्तर देतो. उत्तर मनाजोगते आले नाही तर तोच प्रश्न पुन्हा, जरा वेगळ्या बाजूने. एखाद्या कडक मुद्द्यानंतर भजनाचा गजर होतो, लोक सैल होतात आणि बाबा पुढच्या विषयाला हात घालतात. वऱ्हाडी बोलीचा तो खणखणीत ठसका, शब्दांवरचा जोर, मध्येच खाली येणारा स्वर, हे सगळे कागदावर आणायचे म्हटले तर अर्धे निसटेल. कीर्तनाच्या छापील संहिता मी वाचल्या आहेत. मुद्दे सगळे आहेत, पण लोकांना विचार करायला दिलेली ती जागा छापता आलेली नाही.

म्हणून रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ऐकणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो की वेग वाढवला की सर्वांत आधी ही जागा जाते. मूर्तिजापूरहून अमरावतीला किंवा अकोल्याला रोज ये-जा करणारी मुले गाडीत कानाला बोंडे लावून तास ऐकतात. त्यांचे मला कौतुक आहे. गर्दीत वही उघडता येत नाही, तेव्हा आवाज हाच आधार. पण ऐकून झाल्यावर, उतरायच्या आधी, आज काय ऐकले ते मनाशी एकदा उभे करावे. नागदेवाचार्य बसून करीत ते हेच. ज्या ठिकाणी आठवत नाही तेवढेच रेकॉर्डिंग रात्री पुन्हा लावावे. पूर्ण तास तिसऱ्यांदा ऐकण्यात वेळ जातो आणि ओळखीचे वाटते म्हणून समजले असा भास होतो.

तास चालू असताना लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर टंकत बसणाऱ्यांविषयीही थोडे सांगतो. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा एक प्रयोग फार गाजला. त्यात टंकणारे विद्यार्थी शब्दशः उतरवून घेतात आणि हाताने लिहिणारे वेचून लिहितात, असे दिसले, आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दशः उतरवण्याची खोड तशीच आढळली, पण गुणांतला फरक तसा दिसला नाही. त्यामुळे पेन की कळफलक हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. वेचणे महत्त्वाचे. म्हाइंभटांनी स्वामींच्या आयुष्यातले काय काय सोडले असेल याची आपण कल्पनाही करू शकत नाही, आणि तरी गुडघा सोडला नाही.

भाषेचा मुद्दा यात कळीचा आहे. केसोबास आणि दामोदर पंडित यांच्यासारखे संस्कृतात मुरलेले शिष्य नागदेवाचार्यांना त्या भाषेत विचारू लागले, तेव्हा त्यांनी ते चालू दिले नाही. स्वामींनी मला मराठीत सांगितले, तुम्हीही मराठीत विचारा, असा त्यांचा रोख होता. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असेही त्यांनी केसोबासांना बजावल्याचे 'स्मृतिस्थळ' या पंथाच्या ग्रंथात आहे. आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेतकऱ्याचा मुलगा मृदाशास्त्राचा तास इंग्रजीत ऐकतो. त्याची वही पाहा. व्याख्या इंग्रजीत, आणि कडेला बारीक अक्षरात, 'म्हणजे आपली काळी, चिबडते ती', अशी नोंद. ती कडेची ओळ परीक्षेत कोणी विचारत नाही. झेरॉक्स काढताना तीच कापली जाते. पण त्या वहीतली ती एकच ओळ संपूर्ण त्याची आहे, त्याचे दार्ष्टांतिक आहे. बापाच्या वावरात ज्या दिवशी पाणी साचेल, त्या दिवशी त्याला तीच आठवेल.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. २०२४ मध्ये अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, ते स्वतः महानुभाव साहित्याचे अभ्यासक. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि भाषेच्या प्राचीनतेची गोष्ट निघाली की लीळाचरित्राचे नाव प्रत्येक वेळी पुढे येते. या विद्यापीठाकडून माझी एक साधी अपेक्षा आहे. तिथल्या तासांची ध्वनिमुद्रणे जरूर करावीत, पण विद्यार्थ्यांच्या वह्याही मागून घेऊन जपाव्यात. एकाच तासाच्या पाच वह्या, जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या, शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यासाठी रिद्धपुराइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

आणि विद्यार्थ्यांना विनंती अशी की अमरावतीहून रिद्धपूर लांब नाही, एकदा जाऊन या. लीळाचरित्रातली कुठलीही एक लीळा निवडून तिथे बसून सावकाश वाचा. परत आल्यावर या आठवड्यात तुम्हाला सर्वांत आवडलेला एक तास, रेकॉर्डिंग न लावता, तशाच रीतीने लिहून पाहा. सर किंवा मॅडम काय म्हणाल्या ते लिहाच, पण प्रश्न कोणी विचारला, तो काय होता आणि विचारणाऱ्याचे नाव काय, तेही लिहा.